पुरात भिजलेलं लाकूड : जाळायचं की ठेवायचं?

होस्टेलवर पावसाळा काढलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये बाथरूमचं दार लागत नाही. खांद्यानं ढकलून लावावं लागतं, आणि एकदा लागलं की आतला गडी बाहेरच्यांना हाका मारत बसतो. तेच दार एप्रिलमध्ये इतकं सैल पडतं की कडी लावली तरी फटीतून बोटभर उजेड आत येतो. दार तेच, चौकट तीच, बिजागऱ्याही त्याच. मग बदललं काय? बदललं ते लाकडातलं पाणी!

लाकूड वाळलं म्हणजे त्यातलं पाणी संपलं असं आपण समजतो. तसं नसतं. ते हवेशी कायम देवाणघेवाण करत राहतं. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातलं पाणी साधारण १५-१६ टक्क्यांवर स्थिरावतं. आपल्या सोलापूरची मे महिन्यातली दुपार धरा, ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के, की तेच लाकूड ४-५ टक्क्यांकडे सरकायला लागतं. पाणी वाढलं की लाकूड फुगतं, कमी झालं की आकसतं. नुसत्या दमट हवेनं दाराची ही गत होते, तर चार दिवस पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या कपाटाचं काय होत असेल? हा लेख त्या कपाटाबद्दल आहे.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सीना नदीला आलेला पूर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला किंवा घरच्यांकडून फोनवर ऐकला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर असं करत पाणी खाली आलं. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. माढा तालुक्यात छपरावर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला बोटी आणि हेलिकॉप्टर लागले. तोंडावर दसरा होता, २ ऑक्टोबरला. ऊस, सोयाबीन, वाहून गेलेली माती, जनावरं... या नुकसानीवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण पाणी ओसरल्यावर प्रत्येक घरापुढं जो एक ढीग लागला होता त्याच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. त्या ढिगात काय काय होतं बघा. दिवाण, कपाट, पलंगाच्या फळ्या, चौरंग, पाट, देव्हारा, तिफणीचे तुकडे, दाराच्या निखळलेल्या चौकटी, दुकानाची फळी, पोराचं अभ्यासाचं टेबल. सगळं चिखलानं एका रंगाचं झालेलं. पंचनाम्यात या ढिगाला ‘गृहोपयोगी साहित्य’ असा एकच शब्द.

अशा ढिगाचं पुढं काय होतं ते ठरलेलं आहे. पाऊस उघडतो, ऊन पडतं, चिखल सुकतो. भंगारवाला येऊन लोखंड उचलतो आणि लाकडाला हातही लावत नाही. मग ते लाकूड हळूहळू पाणी तापवायच्या बंबात जातं. आजोबांच्या काळातली सागवानी चौकट आणि मागच्या दिवाळीला हप्त्यावर घेतलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट एकाच चुलीत! यातली निम्मी गोष्ट बरोबर आहे आणि निम्मी फार चुकीची आहे. कुठली निम्मी, ते ओळखता आलं पाहिजे.

सुरुवात एका कोड्यापासून करू. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या सागवानी आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षं तिथंच आहेत. आता दुसरं टोक बघा. पाटण्याला उत्खननात मौर्यकालीन पाटलीपुत्राच्या लाकडी तटाचे अवशेष सापडले. हा तट सालाच्या लाकडाचा होता, तो ओल्या मातीत गाडला गेला होता, आणि तोही दोन हजारांवर वर्षं टिकला. एक कायम कोरडं, एक कायम ओलं, आणि दोन्ही शाबूत. आणि आपल्या शेताच्या बांधावरचा कुंपणाचा खांब मात्र दहा वर्षांत मोडतो. तो मोडतो कुठं हे कधी पाहिलंय? वर नाही आणि खोल मातीतही नाही. बरोबर जमिनीलगत, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथं.

कोड्याचं उत्तर बुरशीत आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, पाणी नाही. बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, हवा आणि ऊब. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर हवा नाही, म्हणून तिथंही तिचं फारसं चालत नाही. मधल्या पट्ट्यात, पंचवीस-तीस अंशांच्या उबेत, तिची चैन असते. म्हणजे पुराचं पाणी घरात होतं त्या दोन-चार दिवसांत लाकडाचं तितकं बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पाणी ओसरल्यावरच्या महिन्यात, जेव्हा ते चिखलात, एकावर एक, ताडपत्रीखाली कोंबून पडलेलं असतं. ताडपत्री पावसापासून वाचवायला टाकलेली असते, पण आत ओल कोंडते आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

आता पाणी लाकडात राहतं कुठं? टॉवेलचं उदाहरण घ्या. बादलीतून काढलेला टॉवेल पिळला की पाणी धो-धो पडतं. आणखी पिळलं तरी एक क्षण असा येतो की थेंब पडत नाही, पण टॉवेल ओलाच असतो. लाकडाचं तसंच. पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी आधी जातं. ते जाताना लाकडाच्या आकारात काही फरक पडत नाही. साधारण ३० टक्क्यांवर ते संपतं. याला फायबर सॅच्युरेशन पॉइंट म्हणतात. तिथून पुढं पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी जायला लागतं आणि खरी आकसण्याची सुरुवात तिथं होते.

आणि लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, ही सगळ्या भानगडीची मुळाशी असलेली गोष्ट. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. खोडाच्या वर्तुळांना धरून (टॅन्जेन्शियल) सर्वांत जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे (रेडियल) त्याच्या निम्म्यानं. सागवानाचे आकडे, पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत, अनुक्रमे ५.८ आणि २.५ टक्के असे दिले जातात. आता ३०० मिलिमीटर रुंदीची एक फळी ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत वाळली असं धरा. वर्तुळांना धरून कापलेली असेल तर ती साधारण १२ मिलिमीटर अरुंद होईल. गाभ्याकडून सालीकडे कापलेली असेल तर ५ मिलिमीटर. सागवान तर आकसण्याच्या बाबतीत गुणी लाकूड समजलं जातं! एकाच फळीच्या दोन अंगांना असा वेगळा ओढा लागला की फळी पन्हाळीसारखी वाकते, पिळवटते किंवा चिरते.

त्यात ऊन. भिजलेली वस्तू उन्हात टाकावी हे आपल्या रक्तातच आहे. गादी, गोधडी, पापड, धान्य यांना ते चालतं, लाकडाला नाही. उन्हात वरचा थर दोन दिवसांत वाळून आकसायला लागतो, आतलं लाकूड अजून फुगलेलंच असतं. वरच्या थराला आकसायचंय, आतलं आकसू देत नाही. मग वरचा थर फाटतो. सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको. ताज्या स्लॅबवर गोणपाट टाकून पाणी का मारतात, भर उन्हात उघडं ठेवलं की बारीक तडे का जातात, कारण बरंचसं तेच.

एका मिस्त्रींना मी विचारलं होतं, पुरातलं लाकूड वाळवायचं कसं? ते म्हणाले, “पाण्यानं लाकूड मरत न्हाई ओ. आमचं म्हातारं बाभळीचा ओंडका मुद्दाम टाकत हुतं पाण्यात. उन्हानं मरतंय ते.” ही मुद्दाम पाण्यात टाकायची पद्धत खरी आहे. गाडीची चाकं, जू, औजारं यासाठीचं लाकूड पूर्वी डबक्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवत. बांबूही तसाच ठेवतात. लाकडातला गोडवा, म्हणजे साखर आणि स्टार्च, पाण्यात उतरतो आणि पोखरणाऱ्या किड्याला मग त्यात गोडी राहत नाही. पण बाहेर काढल्यावर ते सावलीत वाळवतात, हा त्या पद्धतीचा दुसरा भाग.

तेव्हा वाळवायचं कसं, तर असं. आधी चिखल धुवायचा, ओला असतानाच, स्वच्छ पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं किंवा ब्रशनं. चिखल वाळला की भेगांत सिमेंटसारखा बसतो, ओल धरतो आणि वाळवीला वाट करून देतो. हातमोजे आणि गमबूट हवेतच. पुराच्या चिखलात गटाराचं पाणी, शेतातली औषधं, मेलेली जनावरं असं सगळं असतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मग कपाट किंवा टेबल शक्य तितकं सुटं करायचं. अडकलेला ड्रॉवर पुढून ओढायचा नाही, हँडल तुटून हातात येतं. मागची फळी काढून मागून ढकलायचा. जुन्या फर्निचरचे सांधे सरसानं चिकटवलेले असतील तर पाण्यानं सरस सुटून सांधे आपसूक मोकळे झालेले असतात. लोक म्हणतात, “टेबल मोडलं.” खरं तर ते मोडलेलं नसतं, फक्त सुटं झालेलं असतं! मॉर्टाइज-टेनन सांधा धड असेल तर वाळल्यावर नव्यानं गम लावून क्लॅम्प केलं की तो पहिल्यासारखा बसतो.

सुटे केलेले तुकडे शेडमध्ये किंवा झाडाखाली, वारा वाहील अशा जागी, जमिनीपासून एक-दोन विटा उंच रचायचे. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत. रेषा चुकली की फळ्या मध्ये लोंबतात आणि तशाच वाकड्या वाळतात. सगळ्यांत वर दगड किंवा विटा ठेवून वजन द्यायचं. फळीच्या टोकांना जुना ऑईलपेंट नाहीतर मेण फासायचं, कारण टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगानं ये-जा करतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. कच्च्या, नव्यानं कापलेल्या लाकडासाठी इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशोब जगभर चालतो. पण घरातलं लाकूड एकदा वाळलेलंच होतं, वर-वर पुन्हा भिजलंय. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्यात फळ्या बऱ्यापैकी येतात. जाड तुळईला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो.

‘बऱ्यापैकी’ म्हणजे किती, हे मोजता येतं आणि इथं इंजिनीअरिंग कॉलेजचा उपयोग होतो. सॉइल मेकॅनिक्सच्या पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये मातीतलं पाणी काढतो ना, तेच. फळीच्या मधून एक छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर वजन बदलायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. ओला तुकडा ५० ग्रॅम, कोरडा ३६ ग्रॅम, फरक १४. चौदा भागिले छत्तीस, म्हणजे जवळपास ३९ टक्के पाणी. भागायचं कोरड्या वजनानं, मातीत भागतो तसंच. ओव्हन नसेल तर त्याहून सोपं : एक फळी खुणेची ठरवा आणि दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर तिचं वजन करून खडूनं तिच्यावरच लिहा. लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही की समजा, हवेशी तिचा हिशोब मिटला.

आता ढिगातलं काय ठेवायचं? इथं मी जरा कठोर आहे.

पार्टिकल बोर्ड, एमडीएफ : सोडून द्या. हे लाकडाचा भुगा डिंकासारख्या रेझिनमध्ये दाबून केलेले असतात. पाणी लागलं की दाबलेला भुगा उसळून फुगतो, चिकटपणा तुटतो आणि वाळल्यावर तो परत दबत नाही. फुगलेल्या कडेत स्क्रू धरत नाही. वर सनमायका कितीही चकचकीत असो, आतला माल गेलेला असतो. गरीब घरात आज हेच कपाट जास्त असतं, हे वाईट आहे, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. त्याचे बिजागर, हँडल, कुलूप, आरसा तेवढे काढून घ्या.

प्लायवूडमध्ये दोन जाती. साधं एमआर ग्रेडचं प्लाय युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिननं चिकटवलेलं असतं. ते दमट हवा सोसतं, पूर सोसत नाही. कडेनं पापुद्रे सुटतात. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चं, फिनॉल फॉर्मल्डिहाइडचं असतं आणि त्याची चाचणीच मुळी ७२ तास पाण्यात उकळून घेतात. ते पुरातून निघालं तर धुऊन सावलीत वाळवून पुन्हा वापरता येतं. शिक्का फळीच्या कोपऱ्यात असतो, चिखल पुसून बघा. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेल्या प्लायवर कसलाच शिक्का नसतो, हे जाता जाता.

भरीव लाकूड आधी ठेवून घ्यायचं, मग तपासायचं. काळे-निळे डाग आणि पांढरी बुरशी बघून घाबरू नका. पृष्ठभागावरची ही बुरशी दिसायला भयंकर असते, पण ती लाकडाच्या ताकदीला फारसा धक्का लावत नाही. मास्क लावून ब्रशनं साफ करा, रंधा मारा, संपलं. सागवानात खिळ्याभोवती शाईसारखे डाग पडलेले दिसतील. ती कूज नाही, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची रासायनिक क्रिया आहे. आपण शाळेत जी जुनी शाई म्हणतो तिचं रसायन हेच. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं डाग फिका होतो, पण ते विषारी आहे. हातमोजे घालून, लहान मुलांपासून लांब.

खरी कूज ओळखायची चाचणी मात्र बिनखर्ची आहे. लाकडाच्या रेषांना आडवा टोच्या किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसायचं आणि वर उचकायचं. चांगल्या लाकडाची लांब, दांडगी ढलपी ‘कर्र’ आवाज करत निघते. कुजलेल्याची ढलपी निघतच नाही, बिस्किटासारखा आखूड तुकडा जागच्या जागी मोडतो. बाहेरून रंग दिलेला खांब या एका टोच्यात आपलं खरं वय सांगतो. टोचायचं कुठं? जमिनीत गाडलेल्या किंवा भिंतीत गेलेल्या टोकाला, सांध्यांत, आणि सालीलगतच्या पांढरट लाकडात. गाभ्याचं गडद लाकूड सहसा तगतं.

एक धोका नीट लक्षात घ्या. कुजायला नुकती सुरुवात झालेल्या लाकडाचं वजन ५ ते १० टक्क्यांनीच घटलेलं असतं, पण तेवढ्यात ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून धाब्याच्या घराची तुळई, खांब, माळवदाचा भार पेलणारे सर हे पुरात राहिले असतील तर ते पुन्हा भाराखाली घालू नयेत, निदान जाणकारानं तपासल्याशिवाय तर नाहीच. माळवदावर मातीचा केवढा भार असतो हे आपल्या भागात कुणाला सांगायचं? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं ते सगळ्यांना दाखवलं. तुळईचे तुकडे करून त्याची बाकं करा. बाक मोडलं तर फार तर एखादा पडेल.

मग कुठलं लाकूड कशाला? सागवानी चौकट, खांब, दार हे ढिगातलं सोनं. स्टुलं, बाकं, खिडक्यांच्या चौकटी, कपाटाचं फ्रेमवर्क, नवा देव्हारा, काहीही होतं. जुनं सागवान एकदा पन्नास वर्षं वाळलेलं असल्यामुळं पुन्हा वाळल्यावर ते नव्या सागवानापेक्षा कमी त्रास देतं असं सुतार सांगतात. बाभळीचे गाडीचे तुकडे, तिफणीचे, कुळवाचे अवशेष हे जड आणि चिवट. फळ्या करायच्या भानगडीत पडू नका, पटाशीला धार राहणार नाही. त्याचे खोऱ्या-कुऱ्हाडीचे दांडे, मॅलेट, पाचरी, खुंट करा. लिंबाच्या फळ्या पेटी आणि शेल्फला चालतात. आंब्याचं आणि जंगली लाकूड, खोक्यांच्या फळ्या, हे लवकर कुजणारं, म्हणून थोड्या दिवसांच्या कामाला : सेंट्रिंगच्या फळ्या, रोपांची खोकी, भाज्यांचे क्रेट. सेंट्रिंगला तर लाकूड ओलंच लागतं, कोरडी फळी काँक्रीटचं पाणी पिते. तेव्हा जे वाळवण्यात राम नाही ते तसंच बांधकामावर द्यायचं.

पोळपाट, लाटणं, काठवट, लाकडी पळ्या मात्र पुराच्या पाण्यात गेल्या असतील तर पुन्हा स्वयंपाकात नकोत. लाकडाच्या छिद्रांत काय मुरलंय ते घासून निघत नाही. आजीची काठवट असेल तर जीव तुटतो, कबूल. तिच्यात पणत्या ठेवा, बी-बियाणं ठेवा, कणीक नको.

वापरायच्या आधी एक औषधपाणी करता येतं, आणि त्यात भिजलेपणाचा चक्क फायदा होतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड ३ : २ या प्रमाणात घेऊन त्याचं ५ टक्क्यांचं पाणी करतात, म्हणजे १०० लिटरला ३ किलो आणि २ किलो. बांबूला हीच मात्रा देतात. बोरॉनचे क्षार पाण्यातून लाकडात आत-आत झिरपत जातात, त्यामुळं लाकूड ओलं असेल तर ते जास्त खोल पोचतात. कोरड्या लाकडात ते वरच राहतात. म्हणून धुतल्या-धुतल्या, रचायच्या आधी, दोन हात द्यायचे. बुरशी आणि किडा दोन्हीला हा उतारा आहे. पण पाऊस लागला की तो धुऊन जातो, म्हणून फक्त घरातल्या वस्तूंसाठी.

राहिलं जाळण्याचं. कुजलेलं साधं लाकूड जाळायला हरकत नाही, खतात घातलं तर उत्तम. पण प्लाय, पार्टिकल बोर्ड, सनमायका आणि जुना ऑईलपेंट लावलेलं लाकूड बंबात किंवा चुलीत घालू नये. रेझिनचा धूर फॉर्मल्डिहाइडचा आणि जुन्या रंगांत शिसं असतं. चुलीपुढं बसून तो धूर घेते ती घरातली बाई, आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता कॉलेजकडे येतो. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी कारपेंट्री शॉपमध्ये टी-लॅप नाहीतर डव्हटेल जॉइंट केला. करवत वाकडी गेली, सरांनी ‘रिपीट’ म्हटलं, शेवटी लांबीला भुसा भरून सबमिट केला. त्या जॉबचं पुढं काय झालं? कोपऱ्यातल्या ढिगात पडला. दरवर्षी नवीन लाकूड विकत आणून त्याचे दोन-दोन वितीचे फुली मारलेले तुकडे करण्यापेक्षा, पुरातल्या एका चौकटीचं काय होतं ते बघू.

सात फूट उंच, तीन फूट रुंद, उंबरठा नसलेली सागवानी चौकट, आडवा छेद ४ इंच बाय अडीच इंच. एकूण लांबी १७ फूट. सतरा गुणिले दहा भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे साधारण १.१८ घनफूट. खालचा फूटभर कुजलेला, खिळ्यांच्या जागा खराब, असा पाव भाग सोडला तरी ०.९ घनफूट हाती राहतं. वखारीत सागवानाचा भाव घनफुटाला हजारांत असतो हे लक्षात घ्या. अडीच इंच जाडी मध्ये चिरली की इंचभराच्या दोन फळ्या मिळतात. चार इंची तीन पट्ट्या कडेला कड चिकटवल्या की बारा इंच चौरस बैठक तयार. दीड इंच चौरस, दीड फूट उंच असे चार पाय आणि आठ आडव्या पट्ट्या धरून एका स्टुलाला साधारण पाव घनफूट लाकूड लागतं. करवतीत जाणारा भुसा वजा जाता एका चौकटीतून तीन स्टुलं. प्रत्येक स्टुलात सोळा मॉर्टाइज-टेनन सांधे, म्हणजे तीन स्टुलांत अठ्ठेचाळीस. एका बॅचला प्रत्येकी दोन-दोन सांधे वाटून दिले तरी सगळ्यांना पुरून उरतात, आणि सरांना मार्क द्यायलाही सोपं.

उरलेले तुकडे मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये घ्यावेत. भिजून वाळलेल्या सागवानाचा आणि वखारीतल्या कोऱ्या सागवानाचा एकेक सारख्या मापाचा तुकडा युटीएमवर बेंडिंगमध्ये मोडून बघितला तर वर टोचणी चाचणीबद्दल जे लिहिलंय ते खरं की खोटं हे आकड्यांत कळेल. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत हिंडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

एक शेवटची सूचना वर्कशॉपसाठी. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात, डोकं तुटलेले, रंगाखाली दबलेले. रंध्याचं पातं किंवा बँड-सॉ अशा खिळ्यावर गेलं तर पातं जातंच, वर तुकडा उडून डोळ्यात जायची भीती. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवायचं. दोरा जिथं ओढ घेईल तिथं खडूनं गोल काढायचा, आणि तो खिळा निघाल्याशिवाय ती फळी मशीनवर चढवायची नाही.